उन्हाळ्यात बी, मृगात रोप : मराठवाड्यात घरच्या घरी पाम

पामची काडी लावून रोप होत नाही. गुलाब, जास्वंद, शेवगा यांच्या खोडावर जागोजागी डोळे असतात, म्हणून काडी मातीत खोचली की फुटते. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, तोही शेंड्याच्या गाभ्यात. तो छाटला की ते खोड मरतं आणि कापलेला शेंडाही सुकतो. गुटी, डोळा भरणं, पाचर कलम या कलमाच्या पद्धतींतलं काहीच इथे चालत नाही. वाटा दोनच आहेत: बी पेरायचं, नाहीतर बुडाला पिल्लं धरणारी जात असेल तर पिल्लू मुळांसकट वेगळं करायचं.

आपल्याकडची हवा पामला मानवत नाही, असं मराठवाड्यात सर्रास म्हटलं जातं. हे निम्मंच खरं आहे. ज्या उन्हाळ्याला आपण दोष देतो, तो पामच्या बियाण्याला हवाच असतो. बहुतेक पामचं बी ३० ते ३५ अंश सेल्सिअसला सगळ्यात चांगलं उगवतं. थंड देशांत त्यासाठी विजेवर तापणाऱ्या चटया वापरतात. आपल्याकडे मार्चअखेर ते जूनपर्यंत घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात एवढी ऊब फुकट मिळते. पुढे रोपं दगावतात ती मुख्यतः कोरड्या वाऱ्यानं आणि बोअरच्या खारट पाण्यानं. म्हणून सगळं वेळापत्रक या दोन गोष्टींभोवती बसवायचं. बी चैत्र-वैशाखात बंद पिशवीत घालायचं, पहिलं पान मृगाच्या दमट हवेत निघेल असं बघायचं, आणि थंडी पडायच्या आत रोपावर दोन-तीन पानं असली पाहिजेत. हे जमलं तर निम्मं काम झालं.

बी कुठलं आणि कसं घ्यावं

मंगल कार्यालयांच्या दारात, कॉलेजच्या आवारात, रस्त्यांच्या दुभाजकांवर रॉयल पाम, वॉशिंग्टोनिया, फॉक्सटेल आणि चायना पाम भरपूर आहेत. माळ्याला विचारून पिकलेला घोस उतरवून घेणं हे विकतच्या बियांपेक्षा कितीतरी चांगलं. पामचं बी जितकं ताजं तितकं उगवतं. बऱ्याच जातींचं बी उघड्यावर वाळलं की काही आठवड्यांत निकामी होतं. पाकिटात येणारं, केव्हा काढलं याचा पत्ता नसलेलं बी म्हणूनच घेऊ नये. निळ्या नाहीतर लाल पानांच्या पामचं म्हणून विकलं जाणारं बी तर अजिबात नको.

फळ पूर्ण पिकलेलं हवं. रॉयल पामचं फळ जांभळट-काळं, फॉक्सटेलचं केशरी-लाल, वॉशिंग्टोनियाचं काळं होतं. घरातल्या अरेका पामचं फळ पिवळं, नारिंगी होत पुढे काळपट होतं. हिरवं फळ पिकत घालून उपयोग होत नाही. खाली पडलेली फळं वेचायची तर ताजी वेचावीत, भोक पडलेली बाजूला टाकावीत. ओढ्याकाठच्या शिंदीची फळं उन्हाळा सरता सरता पिकतात. खाली पडलेल्या फळांतच चांगलं बी मिळतं, झाडावर चढायची गरज नसते. ज्या शिंदीच्या पानांची लक्ष्मीपूजनाला लागणारी केरसुणी होते, तीच ही. इथल्या उन्हाला, क्षाराला आणि अधूनमधून पाण्यात उभं राहायला ती आधीपासून सरावलेली आहे. पहिल्यांदाच पाम लावणाऱ्यानं सुरुवात शिंदीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

खजुराचं बी घरात असतंच. रमजानमध्ये आणि उपासाच्या दिवसांत मऊ खजूर येतो, त्याचं बी छान उगवतं. खारकेचं बी मात्र उगवत नाही, कारण खारीक करताना फळं उकळून मग वाळवतात. खजुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं किंवा जास्तच, ते कळत नाही. मादी निघाली तरी फळ आईसारखं येईल याची खात्री नसते. शोभेसाठी बी लावा. फळासाठी पिल्लू किंवा टिश्यू कल्चरचं रोपच घ्या.

गर काढणं

पामच्या फळाच्या गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. शिवाय गर राहिला की बुरशी आणि चिलटं आलीच. फळं बादलीत पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवायची, पाणी रोज बदलायचं, मग गोणपाटावर किंवा जाड चाळणीवर चोळून गर सोडवायचा. बी खडखडीत स्वच्छ झालं पाहिजे, बोटाला चिकट लागता कामा नये. हे काम रबरी हातमोजे घालूनच करा. भेर्ली माडाच्या, म्हणजे फिशटेल पामच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते त्वचेत शिरले की तासन्‌तास आग होते. रॉयल पामच्या गरानंही काहींना खाज सुटते. लहान मुलांना या कामाला बसवू नका.

स्वच्छ झालेलं बी पुन्हा २४ ते ४८ तास साध्या पाण्यात ठेवायचं. बुडलेलं बी बहुतेक वेळा भरीव असतं, तरंगणारं पोकळ. पण ही परीक्षा सगळ्या जातींना लागू नाही. शंका आली तर तरंगणारी दोन-तीन बियाणी फोडून बघा. आतला मगज पांढरा आणि कडक असेल तर बाकीची टाकू नका. शेवटी घरातलं ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग अशा द्रावणात १० मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचं. उगवण लवकर व्हावी म्हणून जिबरेलिक आम्लात (वाढीच्या संप्रेरकात) बी भिजवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नका. त्यानं रोप लांबट, लुळं निघतं आणि स्वतःच्या बुडावर उभं राहत नाही.

थंडीत हाती आलेलं बी असंच स्वच्छ करून, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) बंद पिशवीत घरातच ठेवावं आणि उन्हाळ्याची वाट पाहावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. उष्ण प्रदेशातल्या पामचं बी थंडीनं मरतं.

पिशवीतली उगवण

कुंडीत बी पेरून रोज पाणी घालत बसण्यापेक्षा बंद पिशवीची पद्धत आपल्या मुलखाला जास्त योग्य आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे पन्नास बियांची उगवण पेलाभर पाण्यात होत असेल तर तीच करावी.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवली की साधारण ८-९ लिटर होते. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यायचं. ओल किती असावी? मुठीत घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा. धार लागली तर जास्त झालं. पिशवीतलं बी सडण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच जास्तीची ओल, कारण उगवणाऱ्या बियाला हवाही लागते. झिपच्या पिशवीत एक लिटर कोकोपीटला अरेका किंवा रॉयलसारखी लहान बियाणी पन्नासेक, खजूर-शिंदीची तीसेक, आणि फॉक्सटेलची मोठी बियाणी आठ-दहा बसतात. पिशवीवर जात आणि तारीख लिहा. दोन महिन्यांनी कुठली पिशवी कशाची, हे आठवत नाही.

पिशवी ठेवायची जागा नीट निवडा. माळवदाच्या घरात दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही, तिथे कुठेही ठेवली तरी चालते. स्लॅबच्या घरात कपाटावर किंवा माळ्यावर ठेवा. कूलर चालणाऱ्या खोलीत नको, तिथे ऊब कमी पडते. पत्र्याच्या शेडखाली तर मुळीच नको. मे महिन्यात दुपारी तिथे पारा ४५ च्या वर जातो आणि बंद पिशवीत बी अक्षरशः शिजतं. ऊन थेट पिशवीवर पडता कामा नये. शंभर-दीडशे रुपयांचा साधा थर्मामीटर शेजारी ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही.

आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा बदला. एखाद्या बियावर पांढरी बुरशी दिसली तर बी दाबून पाहा. टणक असेल तर धुऊन परत घाला, मऊ पडलं असेल तर भोवतालच्या कोकोपीटसकट फेका. मग धीर धरा. वॉशिंग्टोनिया दोन ते सहा आठवड्यांत उगवतो. खजुराला महिना धरा, शिंदी आणि चायना पामला एक ते तीन महिने. अरेका ऊब असेल तर चार ते आठ आठवड्यांत, थंडीत पेरला तर सहा महिनेसुद्धा घेतो. रॉयलला एक ते तीन महिने लागतात. फॉक्सटेलचं काही बी तीन महिन्यांत येतं तर काही वर्षभरानं. भेर्ली माड तसाच लहरी आहे. म्हणून दोन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून पिशवी कचऱ्यात टाकू नका. बी टणक आहे तोवर आशा आहे.

कोंब दोन तऱ्हेचे

इथे बहुतेक रोपं हातानं मोडतात, म्हणून हे जरा सविस्तर.

अरेका, रॉयल, फॉक्सटेल, सुपारी, नारळ यांचा कोंब बियाला चिकटूनच निघतो. बियाच्या एका टोकाला पांढरी गाठ दिसते, तिच्यातून खाली मूळ आणि वर कोंब. यांना पिशवीतून काढून लावताना बी मातीत निम्मंच पुरायचं, निम्मं वर दिसलं पाहिजे. खोल पुरलं की मान सडते.

खजूर, शिंदी, वॉशिंग्टोनिया, चायना पाम, बिस्मार्किया आणि ताड यांची तऱ्हा वेगळी. खजुराच्या बियाला एका बाजूला लांब खाच असते. तिच्या उलट्या पाठीवर मध्यभागी एक बारीक ठिपका दिसतो, तिथून पांढरा, मुळासारखा दांडा बाहेर येतो. ते मूळ नव्हे. तो दांडा खाली जातो, त्याच्या टोकाशी रोप तयार होतं, आणि मग त्याच दांड्याच्या बाजूला चीर पडून पान वर येतं. म्हणजे बी एकीकडे आणि रोप इंच-दोन इंच दूर. दांडा तुटला की रोपही गेलं. म्हणून दांडा दोन-तीन सेंटिमीटर झाला की लगेच पिशवीतून काढून खोल भांड्यात लावायचं, त्याहून लांब होऊ द्यायचा नाही. टोक खाली, आणि बियावर एक-दोन सेंटिमीटर माती. ताडाचा दांडा तर जमिनीत अर्धा मीटरपर्यंत उतरतो. त्याला कुंडी पुरत नाही. ताडाचं बी जिथे झाड हवं तिथेच, कायमच्या जागी पुरावं.

दोन्ही तऱ्हांमध्ये रोपाला चिकटलेलं बी तोडू नका. कित्येक महिने रोपाचं पोट त्या बियातल्या मगजावरच भरतं. बी आपोआप पोकळ होऊन गळतं.

या दुसऱ्या गटाला रुंद कुंडीपेक्षा खोल भांडं हवं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली वरून कापून, बुडाला चार-पाच भोकं पाडून, बाहेरून काळा कागद गुंडाळला की २५ सेंटिमीटर खोलीचं उत्तम भांडं होतं. पहिल्या गटाला नर्सरीच्या ६ बाय ८ इंची काळ्या पिशव्या पुरतात.

भांड्यात काळी माती घालू नका, कितीही कसदार असली तरी. ओली असताना ती चिकट होऊन हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. धुतलेलं कोकोपीट २ भाग, जाड वाळू किंवा दोन-चार मिलिमीटरचा विटांचा चुरा २ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग, एवढंच मिश्रण ठेवा. क्रशरची वाळू घेतली तर धुऊन भुकटी काढून टाका, नाहीतर बुडाला तिचा थर बसून पाणी तुंबतं. अर्धवट कुजलेलं शेणखत टाळाच. त्यात हुमणीच्या आणि गेंड्या भुंग्याच्या अळ्या असतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण) मिळालं तर पाकिटावरच्या प्रमाणात एकदा ओतावं. मूळकूज आणि मर यांना त्यानं आळा बसतो.

पहिलं पान पामसारखं दिसत नाही. शिंदी-खजुराचं पहिलं पान म्हणजे गवताची एक काडीच. अरेका-रॉयलचं पान रुंद, साधं किंवा टोकाशी दुभंगलेलं. घरातलं कुणीतरी लव्हाळा समजून उपटून टाकतं, म्हणून भांड्यांना चिठ्ठी लावाच. झावळीसारखी चिरलेली पानं बऱ्याच जातींत दुसऱ्या वर्षी दिसू लागतात.

पाणी

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चुना आणि क्षार भरपूर. मोठी शिंदी ते पचवते, दोन पानांचं अरेकाचं रोप पचवत नाही. आधी पानाचं टोक तपकिरी होतं, मग कडा, आणि भांड्यावर पांढरी खपली जमते. दोनशे-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन एकदा पाणी मोजा. कोवळ्या रोपांसाठी ५०० पीपीएमच्या आतलं पाणी धरावं. हजाराच्या वर असेल तर त्यात निम्मं पावसाचं पाणी मिसळल्याशिवाय देऊ नये.

पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं दोन चुका घरोघरी होतात. एक, आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी रोपांना घालणं. ते वाया जाऊ नये हे बरोबर, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. दुसरी, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. वाळ्यावरून वाफ होऊन गोडं पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. पंधरा दिवस न बदललेलं कूलरचं पाणी रोपासाठी बोअरपेक्षाही वाईट. उलट एसीच्या नळीतून टपकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते जरूर साठवा. पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरताना पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्या, नंतरचं कॅनमध्ये झाकून ठेवा. वीस लिटरचे चार कॅन भरले तर तीस-चाळीस लहान पिशव्यांचे हिवाळ्यातले बरेच दिवस निघतात.

बोअरचंच पाणी द्यावं लागत असेल तर रोज घोट-घोट घालू नका. बोट दोन सेंटिमीटर खाली कोरडं लागलं की बुडातून निथळेपर्यंत द्या, आणि महिन्यातून एकदा भांड्याच्या दुप्पट पाणी ओतून क्षार धुऊन काढा. बशीत साचलेलं पाणी लगेच फेका.

पाण्याचा दुसरा परिणाम पानांत दिसतो. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. भांड्यात लोह नसतं असं नाही, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. फेरस सल्फेटमधलं लोह चुनखडीत लगेच बांधलं जातं. म्हणून चिलेटेड, म्हणजे चुन्यात न बांधलं जाणारं लोह घ्यावं; ते घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, लिटरला १ ग्रॅम मिसळून मुळाशी ओता. ईडीटीए प्रकारचं स्वस्त मिळतं, पण आपल्या विम्ल (अल्कधर्मी) पाण्यात ते टिकत नाही. नवीन पान आखडलेलं, भाजल्यासारखं, चुरगळलेलं येत असेल तर मँगनीजची कमतरता. मँगनीज सल्फेट लिटरला २ ग्रॅम फवारा, आणि हे लांबणीवर टाकू नका, कारण गाभा मेला की झाड परत येत नाही. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येऊन टोकं वाळत असतील तर पालाश (पोटॅश) कमी आहे. अशी पानं कुरूप दिसतात म्हणून कापू नयेत. झाड त्यांतलाच पालाश काढून नव्या पानाला देत असतं. पान कापलं की झाड पुढच्या हिरव्या पानाला हात घालतं. सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि ते आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

पहिले दोन-तीन महिने रोपाला कुठलंही खत देऊ नका. नंतर पावसाळ्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत पंधरा दिवसांतून एकदा, लिटरला १ ग्रॅम. दिवाळीनंतर खत बंद.

उन्हाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट हवी, पुढच्या उन्हाळ्यात ५० टक्क्यांची. पश्चिमेचा वारा अडवणारी भिंत सावलीइतकीच महत्त्वाची आहे. रोपं एकमेकांना चिकटून ठेवली तर त्यांच्यापुरती हवा दमट राहते. कोरड्या हवेत पानांच्या मागे रस शोषणारे बारीक कोळी होतात, पान धुळकट आणि फिकट दिसू लागतं. सकाळी पानं उलटी करून पाण्यानं धुणं हाच पहिला उपाय. कोळ्यांवरचं गंधक भर उन्हाळ्यात मारलं तर पान करपतं.

पिल्लं वेगळी करणं

अरेका आणि रॅपिस (लेडी पाम) यांना बुडाला पिल्लं येतात. पण नर्सरीतून आणलेल्या अरेकाच्या कुंडीत दिसणारी दहा-पंधरा खोडं ही पिल्लं नसतात. ती एकत्र लावलेली वेगवेगळी रोपं असतात, मुळांचा गुंता झालेली. ती ओढून काढली की दोन्हीकडची मुळं तुटतात आणि बरीचशी मरतात. फुटायचंच असेल तर मुळांचा गोळा पाण्यात भिजवून, माती धुऊन, बोटांनी सोडवावा, आणि एकेक न करता तीन-चार रोपांचा झुबका करून दोन-तीन कुंड्यांत लावावा.

खरं पिल्लू काढायची वेळ म्हणजे मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यापासून श्रावणापर्यंत. उन्हाळ्यात किंवा थंडीत हात लावू नका. पिल्लावर निदान तीन-चार पानं आणि त्याची स्वतःची मुळं हवीत. माती बाजूला करून मुळं डोळ्यांनी बघा. नसतील तर बुडाशी ओलसर माती-गांडूळखताची भर घालून पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. मुळं असतील तर धारदार चाकूनं किंवा बारीक करवतीनं आईचा जोड एकाच कापात तोडा, दोन्ही जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, खालची एक-दोन पानं काढा आणि आधीच्याच खोलीवर लावा. तीन-चार आठवडे दाट सावली, वर पारदर्शक पिशवीचं सैल झाकण, खत नाही. रॅपिस यात चांगला तगतो. अरेकाची काही पिल्लं नीट करूनही जातात, हे धरूनच चालावं.

खजुराचं पिल्लू तीन ते पाच वर्षांचं, दहा-पंधरा किलोचं झाल्याशिवाय काढू नये. लहान पिल्लं दगावतात. वर्षभर आधी बुडाशी माती चढवून मुळं धरू द्यायची. मग रुंद छिन्नीनं जोड तोडायचा, पानं वर गोळा करून सुतळीनं बांधायची, आणि लावताना गाभा आळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहील असं बघायचं. गाभ्यात पाणी गेलं की पिल्लू आतून सडतं, आणि पानं महिनाभर हिरवी दिसत असल्यानं ते उशिरा कळतं.

सायकस हा पाम नाही, पण सगळे त्यालाही पामच म्हणतात. त्याच्या खोडावरचे कंद मुळं नसताना काढले तरी चालतात. पानं कापायची, जखम सावलीत आठवडाभर सुकू द्यायची आणि निम्मा कंद वाळूत ठेवायचा. मुळं यायला काही महिने लागतात. त्याचं बी विषारी असतं, घरात कुत्रा असेल तर सांभाळा.

कलशावरचा नारळ

घटाच्या किंवा कलशाच्या नारळाला मोड आला की तो लावतात, आणि ते रुजूही शकतं. सोललेल्या नारळाचं नुकसान एवढंच की मुळांना ओल धरून ठेवणारं सोडण (वरचं काथ्याचं आवरण) नसतं. मोड बोटभर झाल्यावर नारळ वाळू-कोकोपीटच्या कुंडीत, मोडाचं टोक वर राहील असा तिरका, दोन-तृतीयांश पुरावा. भोवतीनं धुतलेला काथ्या दाबून भरला तर ओल टिकते. फक्त गोडं पाणी द्यावं. दिवाळीच्या सुमाराला मोड आला तर रोप पहिली थंडी घराच्या आत, उजेडाच्या खिडकीशीच काढेल असं बघा. फळासाठी नारळ हवा असेल तर मात्र सोडणासकट, ११-१२ महिन्यांचं पक्व बियाणं खात्रीच्या झाडावरून घ्यावं, किंवा कोकणातून बाणवली या उंच जातीचं वर्षाचं रोप आणावं. पाच-सहा महिन्यांत न उगवलेलं बियाणं बाजूला काढावं.

जमिनीत लावताना

घरी केलेलं रोप दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत जातं, फॉक्सटेल आणि रॉयल तिसऱ्या पावसाळ्यात गेलं तर आणखी बरं. भारी काळ्या रानात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन त्यात नुसतं खत-माती भरली की पावसाळ्यात त्या खड्ड्यात चहूकडचं पाणी येऊन साचतं आणि रोप कुजतं. खड्डा भरताना निम्मा मुरूम मिसळा आणि रोपाची जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. मुरमाड माळावर हा प्रश्न नाही, तिथे पाणी टिकावं म्हणून गांडूळखत जास्त घाला. पिशवी फाडून काढा, मुळांचा गोळा फुटू देऊ नका, आणि मान पिशवीत होती त्याच पातळीवर ठेवा. झाड हलू नये म्हणून खोल पुरण्याचा मोह होतो. त्याऐवजी बांबूची काठी लावा.

रॉयल दोन झाडांत चार-पाच मीटर आणि वर विजेची तार नसेल अशाच जागी. उकिरडा जवळ असेल तर गेंड्या भुंगा येणार. नवीन पान उलगडल्यावर त्यावर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे दिसले तर भुंगा गाभ्यात शिरला होता असं समजा. पानांच्या बेचक्यात भोक आणि चोथा दिसला की लोखंडी आकडीनं भुंगा ओढून काढा, आणि बेचक्यात निंबोळी पेंड व वाळू समप्रमाणात मिसळून भरा. उकिरड्यातलं खत दोन-तीन महिन्यांतून एकदा उलथून अळ्या वेचल्या तर भुंगे तिथेच कमी होतात. कोंबड्या असतील तर हे काम त्याच करतात.

पहिले दोन हिवाळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाढ थांबल्यासारखी वाटेल. परभणी, जालन्याकडे रात्री पारा चांगलाच उतरतो. त्या काळात पाणी निम्म्यावर आणा, ते सकाळी उन्हं आल्यावर द्या, गाभ्यात पडू देऊ नका, आणि फॉक्सटेल व नारळाच्या लहान रोपांवर रात्री गोणपाट टाका.